बंदूक गावात, सूत्रधार परदेशात: बुलढाण्याच्या पोलीस ठाण्यातून कायद्याचा हात कुठवर पोहोचतो?

निवडणूक जाहीर झाली की बुलढाणा जिल्ह्यातल्या शस्त्र परवानाधारकांना एका कागदाची धास्ती असते. तो कागद म्हणजे ‘आपलं शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करा’ अशी नोटीस. नोटीस आली की परवानाधारक बंदूक गोणपाटात किंवा कव्हरमध्ये गुंडाळून ठाणेदाराकडे जातो, पावती घेतो आणि घरी येतो. बंदूक मालखान्यात जाते.

ती परत कधी मिळते? निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे साधारणपणे उमेदवारी मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत शस्त्र जमा व्हायला हवं, आणि निकालानंतर एक आठवडा होईपर्यंत ते ठाण्यातच राहतं. २०२४ च्या लोकसभेचा हिशोब करून बघा. बुलढाण्यात मतदान झालं २६ एप्रिलला. उमेदवारी मागे घ्यायची शेवटची तारीख होती ८ एप्रिल. पण देशभरातली मतमोजणी ४ जूनला झाली, म्हणजे बंदूक सुटणार ११ जूनच्या सुमारास. इथलं मतदान संपल्यावरही दीड महिना शस्त्र मालखान्यात. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये विधानसभा आली, पुन्हा तीच प्रक्रिया. एका वर्षात जवळजवळ तीन महिने.

ज्याच्याकडे बंदूक फक्त भिंतीवर टांगायला आहे, त्याला याचं काही वाटत नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याला, संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत, काही शेतकऱ्यांकडचा परवाना पीक संरक्षणाचा असतो. शस्त्र कायद्यातच तशी वेगळी तरतूद आहे: खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. नोव्हेंबरमध्ये तूर उभी असते, हरभरा नुकताच वर आलेला असतो आणि रोही, रानडुकरं रात्री शेतात उतरतात. जनावर मारायला वन विभागाची वेगळी परवानगी लागतेच, ती या परवान्यात येत नाही. पण जागलीला जाणाऱ्या माणसाला हातात बंदूक असणं आणि नुसती बॅटरी असणं यातला फरक कळतो.

मग सगळ्यांनाच शस्त्र जमा करावं लागतं का?

नाही, आणि हे बऱ्याच परवानाधारकांना माहीतच नसतं. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठासमोर हा प्रश्न आला होता. उत्तर गोव्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी निवडणुकीसाठी शस्त्रं जमा करायला सांगितली होती, त्याला एका परवानाधारकानं आव्हान दिलं. सरसकट आदेश काढता येणार नाही, प्रत्येक परवान्याचा विचार करून ठरवा, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांमध्ये छाननी समितीची पद्धत आली. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बसून यादी तपासतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, नाव आलेले परवानाधारक यांच्यावर मुख्य लक्ष असतं. नेमबाजीच्या स्पर्धा खेळणाऱ्या रायफल असोसिएशनच्या सदस्यांना सूट असते.

यादी तपासून ठरवायचं, हे कागदावर. यादी न तपासता सगळ्यांनाच बोलावणं हे कोणत्याही कार्यालयाला सोपं जातं, हेही खरं. तुम्हाला नोटीस आली असेल तर ती छाननी समितीच्या निर्णयावरून आली आहे का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

निवडणूक नसतानाही बंदूक जमा करावी लागते, कधी?

शस्त्र कायदा, १९५९ मधलं कलम २१ इथे महत्त्वाचं आहे. तुमच्याकडे असलेलं शस्त्र बाळगणं कोणत्याही कारणानं बेकायदेशीर ठरलं, म्हणजे परवान्याची मुदत संपली, परवाना निलंबित झाला, रद्द झाला, तर ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केलं म्हणजे मालकी गेली असं नाही. नवा परवाना मिळाला की शस्त्र परत मिळतं, किंवा ज्याच्याकडे परवाना आहे त्याला विकता येतं. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर मात्र जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो परवानाधारकाच्या मृत्यूनंतर. वडील गेले, बंदूक कपाटात. घरातल्यांना वाटतं, परवाना होता की घरचा. पण परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. वडिलांनंतर ती बंदूक घरात ठेवणारा मुलगा कायद्याच्या नजरेत विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरू शकतो. ती आधी जमा करायची, पावती जपून ठेवायची आणि मग वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करायचा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली की हयातीतच वारसाच्या नावानं परवान्याची प्रक्रिया सुरू करता येते.

२०१९ मध्ये कायदा बदलला तेव्हाही असाच एक जमा करण्याचा टप्पा आला होता. आधी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची. सरकारला ती मर्यादा एकवर आणायची होती, विरोध झाल्यावर ती दोनवर ठरली. तिसरं शस्त्र वर्षभरात जमा करा, असा आदेश होता. बदल्यात परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

इथपर्यंत व्यवस्था ठीक चालते, कारण इथपर्यंतची माणसं सरकारच्या रजिस्टरमध्ये आहेत. बंदुकीचा नंबर, मालकाचं नाव, गावाचं नाव, सगळं लिहिलेलं. ठाण्यातून फोन गेला की माणूस येतो.

पण देशी कट्ट्याचं काय?

बुलढाण्याच्या बातम्यांमध्ये ज्या पिस्तुलांचा उल्लेख असतो ती या रजिस्टरमधली नसतात. सोनाळा, टुनकी, जळगाव जामोद या पट्ट्यात पोलिसांनी देशी पिस्तुलं पकडल्याच्या बातम्या नियमित येतात आणि त्यात एक नाव पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं: पाचोरी. हे गाव सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तालुक्यात आहे. बडवानी जिल्ह्यातलं उमर्टी आणि खरगोन जिल्ह्यातलं सिगनूर ही त्याच प्रकारची आणखी दोन नावं. इथल्या शिकलगार समाजाकडे लोखंडकामाची पिढीजात कला आहे. त्यातले कित्येक जण आजही शेतीची अवजारं, सुऱ्या, कुलपं करून पोट भरतात. काही जणांच्या भट्टीवर पिस्तूल तयार होतं आणि बदनामी मात्र सगळ्या गावाची होते.

समजा, बुलढाण्यातल्या एखाद्या विशीतल्या पोरानं रुबाब मारायला असा कट्टा घेतला, नंतर त्याला भीती वाटली आणि तो परत द्यायचा ठरवला. त्यानं कुठे जायचं?

कायद्यात त्याच्यासाठी दार नाही. तो ठाण्यात गेला तर त्यानं विनापरवाना शस्त्र बाळगल्याची कबुलीच दिल्यासारखं होतं, आणि त्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षं शिक्षा आहे. आधी ती एक ते तीन वर्षं होती. कलम २१ मधली ‘जमा करा’ ही सोय आधी कायदेशीर असलेल्या शस्त्रासाठी आहे. हा कट्टा कधीच कायदेशीर नव्हता. मग तो पोरगा काय करेल? विहिरीत टाकेल, शेतात पुरेल, किंवा दुसऱ्याला विकेल. तिसरा पर्याय सगळ्यात धोक्याचा आणि नेमका सगळ्यात फायद्याचा.

शस्त्रं परत घेण्यासाठी मुदत जाहीर करणं सरकारला येत नाही असं नाही. मणिपूरमध्ये २० फेब्रुवारी २०२५ रोजी राज्यपाल अजय भल्ला यांनी लुटलेली आणि बेकायदा शस्त्रं सात दिवसांत परत करा, मुदतीत दिलीत तर कारवाई होणार नाही असं सांगितलं. मुदत ६ मार्चपर्यंत वाढवली गेली आणि सुमारे हजार शस्त्रं परत आली. महाराष्ट्रातच, विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. तिथे माओवाद्यानं सोबत आणलेल्या शस्त्रासाठी वेगळी रक्कम मिळते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली, ती याच चौकटीत. बाहेरच्या देशांचं उदाहरण हवं असेल तर ऑस्ट्रेलियानं १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सरकारी पैशानं साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत विकत घेतल्या.

म्हणजे एके-४७ घेऊन जंगलात गेलेल्या माणसाला परत यायला रस्ता आहे, त्याच्या बंदुकीला भाव आहे. कट्टा घेऊन पस्तावलेल्या पोराला मात्र नाही. यामागचा सरकारी तर्क समजण्यासारखा आहे: अशी मुदत दिली तर गुन्ह्यात वापरलेली पिस्तुलं गुपचूप परत येतील आणि पुरावाच नाहीसा होईल. पण परत आलेल्या प्रत्येक शस्त्राची न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तपासणी करून, खुनात वापरलं असेल तर माफी नाही, अशी अट घालता येते.

सीमा ओलांडली की काय होतं?

कायद्यानं पोलिसाला आरोपीचा देशात कुठेही पाठलाग करून अटक करता येते. व्यवहारात राज्याची हद्द संपली की स्थानिक पोलिसांना कळवणं, त्यांची माणसं सोबत घेणं, न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड घेणं हे सगळं येतं. जळगाव जिल्ह्यात हे किती धोक्याचं असतं ते दिसलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपडा ग्रामीण पोलीस ठाण्याचं पथक उमर्टी भागात शस्त्रविक्रीतल्या आरोपीला पकडायला गेलं, तेव्हा पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून मध्य प्रदेशच्या हद्दीत नेलं गेलं. काही तासांनी त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी उमर्टीवर मोठा छापा टाकला, भट्ट्या मोडल्या आणि तीसहून जास्त लोकांना ताब्यात घेतलं.

पुण्याच्या पोलिसांना शेकडो किलोमीटरवर जाऊन भट्ट्या मोडाव्या लागतात, यावरून ही पिस्तुलं कुठवर जातात ते लक्षात यावं. सातपुड्यालगतच्या ठाण्यांची अडचण वेगळी आहे. त्यांना हा माल रोजच्या बाजाराच्या रस्त्यानं येताना दिसतो, पण त्यांच्याकडे पुणे पोलिसांएवढं मनुष्यबळ नाही.

आणि सूत्रधार परदेशात असेल तर?

बुलढाण्याशेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट शहरात, २०२४ च्या सुरुवातीला पोलिसांनी पिस्तुलांच्या एका प्रकरणात काही तरुणांना पकडलं. त्यातला एक जण नंतर जामिनावर सुटला. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा मुंबई पोलिसांच्या म्हणण्यानुसार तो तरुण कटातला महत्त्वाचा आरोपी निघाला. परदेशात बसलेल्या अनमोल बिश्नोईशी तो संपर्कात होता, असंही पोलिसांचं म्हणणं. आरोप अजून न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण अकोटसारख्या तालुक्याच्या गावातली साधी वाटणारी शस्त्राची केस परदेशातल्या फोनपर्यंत जाऊ शकते, हे त्यातून दिसलं.

परदेशातून इथे गुन्हा करवणाऱ्यावर खटला चालवता येतो का? येतो, आणि हा प्रश्न आजचा नाही. १९५१ मध्ये गोव्यातल्या एका व्यापाऱ्याला तांदूळ हवा होता. कराचीत बसलेल्या एका माणसानं तो देतो म्हणून मुंबईत पैसे घेतले आणि तांदूळ काही आला नाही. आरोपी म्हणाला, मी त्या काळात भारतात पाऊलही ठेवलेलं नाही, मग माझ्यावर मुंबईत खटला कसा? १९५७ मध्ये मोबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शरीरानं इथे हजर असण्याची गरज नाही. गुन्हा इथे घडला, तर खटला इथे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे आणखी स्पष्ट झालं. कलम ४८ नुसार कुणी परदेशात बसून भारतात गुन्हा करायला चिथावणी दिली, तर तो भारतातल्या कायद्यानं दोषी ठरतो, मग त्याच्याकडे पासपोर्ट कोणत्याही देशाचा असो. भारतीय नागरिकानं परदेशात केलेल्या गुन्ह्यालाही आपली संहिता लागू होते. त्याच्या आधी, २०१९ मध्ये, एनआयए कायदा बदलून परदेशात घडलेल्या काही ठरावीक गुन्ह्यांचा तपास त्या यंत्रणेकडे देता येईल अशी सोय झाली. आणि आरोपी फरार घोषित झाला, सापडण्याची चिन्हं नाहीत, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे आरोप निश्चित झाल्यावर नव्वद दिवसांनी त्याच्या गैरहजेरीत खटला सुरू करता येतो.

कायदा तिथपर्यंत पोहोचतो, पण माणूस हातात येणं दुसऱ्या देशावर अवलंबून असतं. त्याचे दोन रस्ते आहेत. तहव्वूर राणाला २६/११ प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतून आणलं ते प्रत्यार्पण: १९९७ चा करार, तिथल्या न्यायालयांत वर्षानुवर्षं सुनावणी, मग विमान. अनमोल बिश्नोईला १९ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतून आणून एनआयएनं दिल्लीत अटक केली ती मात्र हद्दपारीनंतर. प्रत्यार्पणात आपल्या पुराव्याची परीक्षा होते. हद्दपारी हा त्या देशाचा आपल्या हद्दीतून परक्याला बाहेर काढण्याचा निर्णय असतो. तो लवकर होऊ शकतो, पण आपल्या मागणीवर होईलच याची खात्री नसते.

एका परवानगीच्या कागदावर अडलेले खटले

परदेशातल्या गुन्ह्यात आणखी एक अडथळा आहे. गुन्हा पूर्णपणे देशाबाहेर घडला असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ नुसार केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खटला चालवता येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका प्रकरणात रेषा आखली. नवऱ्यानं बोत्सवानामध्ये छळ केल्याची आंध्रातल्या एका पत्नीची तक्रार होती. न्यायालय म्हणालं, तक्रारीची दखल घ्यायला परवानगी लागत नाही, पण त्यापुढे खटला न्यायचा तर लागते. २०२२ मध्ये नेपाळहून भारतात आणलेल्या एका मुलीच्या प्रकरणात न्यायालयानं दुसरी बाजू स्पष्ट केली: गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर ही परवानगी लागतच नाही.

बुलढाण्यातल्या कुटुंबांना हे पिस्तुलाच्या केसपेक्षा जास्त कामाचं आहे. मुलीचं लग्न आखातात किंवा अमेरिकेत नोकरी करणाऱ्याशी झालं आणि छळ तिकडेच झाला, तर एफआयआर इथल्या ठाण्यात होऊ शकते. पण सगळा छळ तिकडचाच असेल तर खटल्यासाठी दिल्लीचा कागद लागेल. लग्नाआधी किंवा भारतात सुट्टीवर असताना पैशाची मागणी झाली असेल तर ती तारीख, ते ठिकाण, तो मेसेज तक्रारीत नीट लिहिणं म्हणून फार महत्त्वाचं. त्या एका ओळीवर केस मार्गी लागते किंवा अडते.

आता पुन्हा कट्ट्याकडे या. विनापरवाना पिस्तूल बाळगल्याचा खटला चालवायलाही परवानगी लागते, दिल्लीची नाही, जिल्हा दंडाधिकाऱ्याची. शस्त्र कायद्याचं कलम ३९. १९५९ पासून ते तसंच आहे. ही परवानगी घेतलीच नाही, किंवा कागद नीट न वाचता सही झाली असं दिसलं, तर बचावाचा वकील पहिला घाव तिथेच घालतो आणि पिस्तूल समोर टेबलावर असूनही आरोपी सुटू शकतो. शस्त्र बनवणं आणि विकणं यासाठी ही अट नाही, तिथे शिक्षाही किमान सात वर्षं ते जन्मठेप आहे. तस्करीला तर किमान दहा वर्षं, आणि तस्करी म्हणजे फक्त देशाच्या सीमेवरची नाही, देशातल्या देशात बेकायदा शस्त्रं फिरवणंही त्यात येतं.

पण मोटारसायकलवर एका पिस्तुलासह पकडलेल्या पोरावर बहुतेकदा बाळगल्याचं कलम लागतं. त्याला ते कुणी विकलं, कोणत्या भट्टीतून आलं, पैसे कोणत्या खात्यातून गेले, हे शोधायला सीमेपलीकडे जावं लागतं आणि तिथे तपास थांबला की मागे उरतो फक्त तो पोरगा.

गेल्या काही वर्षांत कायदे करणाऱ्यांचं लक्ष दोन टोकांना होतं. एक टोक परवानाधारक, त्याची तीन शस्त्रं दोनवर आली. दुसरं टोक परदेशातला सूत्रधार, त्याच्यासाठी नवी कलमं आली. मधली पाचोरी ते टुनकी ही वाट, ज्यावरून पिस्तूल खरोखर येतं, तिच्यासाठी शिक्षा वाढली. शस्त्र परत देण्याचा रस्ता कुणी काढला नाही.

तो काढायचा झाला तर नवा कायदा लागत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ४१ मध्ये केंद्र सरकारला सार्वजनिक हितासाठी अधिसूचना काढून ठरावीक लोकांना किंवा शस्त्रांना कायद्याच्या तरतुदींमधून सूट देता येते. किती दिवस, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या अटींवर, हे त्या अधिसूचनेत लिहिता येईल. शस्त्रं जमा करून घ्यायची पावती पुस्तकं ठाण्यात आधीपासून आहेतच, दर निवडणुकीला ती बाहेर निघतात.